लिफ्ट, मोठे टायर आणि स्पेसर: तिघांची कामं वेगळी आहेत

२०२० साली महिंद्राची नवी थार आली, २०२३ च्या जूनमध्ये मारुतीची पाच दारांची जिमनी आली आणि गाडी उंच करून मोठे टायर घालणं ही मूठभर हौशी मंडळींपुरती गोष्ट राहिली नाही. दुकानात बहुतेक वेळा तीन गोष्टी एकत्रच सुचवल्या जातात: दोन इंची लिफ्ट, मोठे ऑल-टेरेन (सगळ्या प्रकारच्या वाटांसाठीचे) टायर आणि तीस मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या धातूच्या चकत्या. घेणाऱ्याची समजूत अशी असते की लिफ्टमुळे टायरला जागा होते आणि जी कमी पडेल ती स्पेसर करून देतो. मग ताम्हिणीच्या एखाद्या वळणावर फुल कट मारला (स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं), त्याच क्षणी चाक खड्ड्यात गेलं, की पुढच्या मडगार्डमधून टायर घासल्याचा आवाज येतो. इतका खर्च करूनही टायर का घासतो, हे समजायला मापं हाताशी लागतात. इथे सगळं गणित जिमनीवर केलं आहे. पद्धत कुठल्याही गाडीला तीच.

टायरच्या अंगावर काय लिहिलेलं असतं?

जिमनीचा मूळ टायर १९५/८० आर १५ आहे. १९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १५६ मिमी. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत, म्हणजे ३८१ मिमी. वरची भिंत, रिम आणि खालची भिंत यांची बेरीज केली की टायरची पूर्ण उंची मिळते: ६९३ मिमी.

हेच गणित २१५/७५ आर १५ ला लावलं तर ७०३.५ मिमी येतात आणि २३५/७५ आर १५ ला ७३३.५ मिमी. पहिल्यात उंची जेमतेम १० मिमीने वाढते, दुसऱ्यात ४० मिमीने. दुकानात दोन्ही टायर शेजारीशेजारी ठेवले तर फरक फार वाटत नाही, पण गाडीच्या दृष्टीने ही दोन अगदी वेगळी प्रकरणं आहेत. (कंपनीगणिक प्रत्यक्ष माप काही मिलिमीटरने इकडेतिकडे होतं, आणि मड-टेरेन (चिखलासाठीच्या) टायरच्या कडेच्या ठोकळ्यांमुळे तो टायर लिहिलेल्या मापापेक्षा रुंद भरू शकतो.)

टायरवर मापापुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, तिकडे बहुतेक जण बघतच नाहीत. मूळ टायरवर ९६ एस लिहिलेलं असेल तर ९६ म्हणजे एका टायरने ७१० किलोपर्यंत भार पेलावा आणि एस म्हणजे तासाला १८० किमीपर्यंतचा वेग. नवा टायर दिसायला कितीही दणकट असला तरी त्याचा भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नसावा.

लिफ्टने नेमकं काय उंच होतं?

बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. साटीखाली लाकडी ठोकळे घालून साटी वर उचलली, तरी आख जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. आख वर न्यायचा तर चाकच मोठं हवं.

जिमनीला पुढेमागे दोन्हीकडे अखंड एक्सल आहे. लांब स्प्रिंग घालून दोन इंचांची लिफ्ट केली की बॉडी आणि चॅसिस ५० मिमी वर जातात, पण एक्सल आणि त्यामधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा जिथल्या तिथे राहतो. दगडाला आधी लागतो तो हाच गोळा. तो वर उचलायचं काम फक्त टायर करतो, तेही उंचीतल्या वाढीच्या निम्म्याने. २३५/७५ घातल्यावर गोळा साधारण २० मिमी वर जातो, २१५/७५ घातल्यावर पाच. लिफ्टमुळे फायदा होतो तो चढ चढताना बंपर न टेकण्याचा आणि गाडीचं पोट न घासण्याचा. तो फायदा खरा आहे, पण वेगळा आहे.

टायर मडगार्डला घासण्याबाबत तर लिफ्टची मदत दिसते त्याहून कमी असते. गाडी सपाट रस्त्यावर उभी असताना टायर आणि मडगार्ड यांच्यात भरपूर फट दिसते, त्यामुळे सगळं जमलंय असं वाटतं. पण स्प्रिंग असते ती दबण्यासाठी. खड्ड्यात चाक जोरात वर जातं तेव्हा स्प्रिंग दबत दबत शेवटी एका रबरी ठोकळ्यावर येऊन थांबते. या ठोकळ्याला बंप स्टॉप म्हणतात. लिफ्टची स्प्रिंग लांब आणि कडक असली तरी बंप स्टॉप जुनाच असेल, तर पूर्ण दबलेल्या अवस्थेत चाक मूळ गाडीत जिथपर्यंत वर जात होतं तिथपर्यंतच आताही जाणार. फरक इतकाच की तिथवर पोचायची वेळ जरा कमी वेळा येईल. म्हणून मोठ्या टायरबरोबर बंप स्टॉपही खाली उतरवावा लागतो. टायरची त्रिज्या २० मिमीने वाढली असेल तर बंप स्टॉपही साधारण तेवढाच वाढवायचा, म्हणजे चाकाची वर जाण्याची मर्यादा तेवढी कमी होते. हे न सांगता लिफ्ट किट विकणारा दुकानदार अर्धीच गोष्ट सांगतो आहे.

मग आतल्या बाजूला घासण्याचं काय?

टायर उंचीने वाढतो तसा रुंदीनेही वाढतो, आणि फुल कटला त्याची आतली कड सस्पेन्शनच्या दांड्याला किंवा चॅसिसला टेकू शकते. हे समजायला एक शब्द लागतो: ऑफसेट. रिम म्हणजे एक रुंद कडं, आणि त्याच्या आत हबवर, म्हणजे एक्सलच्या टोकाला चाक जिथे बसतं त्या फिरणाऱ्या भागावर, बसणारी तबकडी. या तबकडीच्या हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाला आपण बैठक म्हणू. कड्याची मधली रेषा आणि बैठक यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. बैठक मधल्या रेषेच्या बाहेरच्या अंगाला असेल तर ऑफसेट अधिक, आतल्या अंगाला असेल तर उणे.

जिमनीच्या १५ इंची, साडेपाच इंच रुंद रिमचा ऑफसेट अधिक ५ धरून गणित करू. १९५ च्या टायरची निम्मी रुंदी ९७.५ मिमी. त्यात ५ मिळवले की टायर बैठकीपासून १०२.५ मिमी आत जातो आणि ९२.५ मिमी बाहेर येतो. त्याच ऑफसेटवर २३५ चा टायर घातला तर तो १२२.५ मिमी आत जाईल, म्हणजे आधीपेक्षा २० मिमी जास्त. ही वीस मिलिमीटर भरून काढायला चाक २० मिमी बाहेर सरकवलं की आतली कड पुन्हा होती तिथे आली.

म्हणजे गरज २० ची आहे. ३० मिमीचा स्पेसर घातला तर बाहेरची कड ९२.५ वरून थेट १४२.५ वर जाते, दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटीमीटर. मडगार्डच्या बाहेर आलेला टायर चिखल आणि खडी थेट काचांवर, दारांवर आणि मागून येणाऱ्या दुचाकीवर उडवतो. तीस मिलिमीटर हे माप गाडीच्या गरजेतून नव्हे, बहुतेक वेळा स्पेसर ज्या जाडीत सहज मिळतो त्यातून आलेलं असतं.

आणखी एक अडचण इथेच आहे. २३५/७५ आर १५ हा टायर ६ ते ८ इंच रुंदीच्या रिमसाठी असतो. जिमनीचा मूळ रिम साडेपाच इंचांचा. त्यावर हा टायर चढतो, हवाही धरतो, पण त्याच्या कडा आत ओढल्या जाऊन तो मधोमध फुगतो, मध्येच झिजतो आणि वळणावर डुलतो. २१५/७५ ला मात्र साडेपाच इंचांचा रिम चालतो.

स्पेसर म्हणजे काय, आणि तो कशावर टिकतो?

हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची धातूची जाड चकती म्हणजे स्पेसर. दोन प्रकार सर्रास मिळतात. पहिला पातळ, ३ ते १० मिमीचा, मूळ स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या, नट बसणाऱ्या आट्यांच्या दांड्यांवर) नुसता सरकवायचा. दुसरा जाड, साधारण २५ मिमीपासून पुढचा, जो आधी हबवर स्वतःच्या नटांनी आवळतात आणि मग त्याच्याच नव्या स्टडवर चाक बसवतात.

चाक स्टडवर लटकलेलं असतं असा समज आहे, तो बरोबर नाही. दोन्ही तळव्यांमध्ये पुस्तकांची चळत आडवी दाबून उचलली तर पुस्तकं कशावरही ठेवलेली नसतात, फक्त दाबाने एकमेकांना धरून राहतात. दाब कमी झाला की मधलं पुस्तक आधी निसटतं. चाकाचंही तसंच आहे. नट आवळल्यावर स्टड किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने रिम हबवर दाबून धरला जातो. गाडीचं वजन पेलतं ते या दाबातून आलेलं घर्षण. दाब सैल झाला की रिम सूक्ष्म हालू लागतो, स्टडवर आडवे फटके बसतात आणि काही दिवसांत स्टड तुटतो. स्पेसर घालणं म्हणजे चळतीत आणखी एक पुस्तक. दाब पुरेसा असेल तर ते निसटणार नाही, पण निसटू शकेल अशी एक जागा नक्की वाढली.

पातळ स्पेसरची खरी भीती वेगळी आहे. तो स्टडची लांबी खातो. जिमनीचा स्टड १२ मिमी जाडीचा, १.२५ मिमी अंतराच्या आट्यांचा आहे. नटाची पकड किमान स्टडच्या जाडीइतकी हवी, म्हणजे १२ मिमी, म्हणजे साधारण दहा पूर्ण फेरे. नट हाताने फिरवत फेरे मोजा. सहा-सात फेऱ्यांतच नट टेकत असेल तर तो स्पेसर काढून टाका किंवा लांब स्टड बसवून घ्या. यात मधला मार्ग नाही.

बसवताना काय चुकतं?

मापं आधी जुळायला हवीत. जिमनीला पाच स्टड आहेत आणि ते १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर आहेत. हबचा मधला उंचवटा सुमारे १०८ मिमीचा. स्पेसरचं मधलं भोक याच मापाचं हवं, म्हणजे तो हबवर घट्ट आणि बरोबर मध्यावर बसतो. भोक मोठं असेल तर स्पेसर केवळ नटांच्या भरवशावर मध्यावर येतो, आणि अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी ताशी ८० ला स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग मालक चार-चार वेळा बॅलन्सिंग करून घेतो आणि दोष काही जात नाही.

धातू फोर्ज्ड ॲल्युमिनियमचा हवा. ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ असं त्यावर कोरलेलं असतं. ओतीव ॲल्युमिनियमचा स्वस्त स्पेसर दिसायला तसाच असतो, पण धक्क्याने तडकतो. कुठलंही नाव, ग्रेड किंवा बॅच क्रमांक नसलेला तुकडा घेऊ नका.

चाक काढल्यावर हबचा चेहरा तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत घासायचा. कोकणातल्या गाड्यांवर गंजाचा थर हमखास असतो. गंज किंवा मातीवर स्पेसर आवळला की पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये तो थर चुरडतो आणि आवळलेला ताण निघून जातो. बैठकीवर पावडर कोटिंगचा जाड थर असेल तर तेच होतं. स्टडच्या आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू नका. निसरड्या आट्यांवर तोच टॉर्क (आवळण्याचा पीळ) दिला तर स्टड कितीतरी जास्त ताणला जातो.

नट आधी हाताने, मग एक सोडून एक असे दोन टप्प्यांत आवळायचे. शेवटचा टप्पा टॉर्क पान्यानेच. बारा मिलिमीटरच्या स्टडला साधारण १०० न्यूटन-मीटर लागतात, पण तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आणि स्पेसरबरोबर आलेल्या कागदावरचा आकडा पाहा. हवेच्या गनने आवळलेला नट किती आवळला हे कोणालाच सांगता येत नाही. नटाच्या टोकाचा आकारही जुळायला हवा. निमुळत्या भोकात सपाट बुडाचा नट घातला तर तो फक्त कडेवर टेकतो.

एक चूक मात्र डोळ्यांना दिसतच नाही. हबचे मूळ स्टड २८ मिमी बाहेर येत असतील आणि स्पेसर २५ चा असेल, तर तीन मिलिमीटर टोकं स्पेसरच्या पुढे डोकावतात. काही अलॉय रिमच्या पाठीला त्या जागी खोलगट कप्पे असतात, तिथे ही टोकं सामावतात. लोखंडी रिमला बहुधा नसतात. मग रिम स्पेसरवर न टेकता या टोकांवर टेकतो, नट आवळले जातात, टॉर्क पानाही 'टिक' करतो, आणि चाक मात्र बसलेलंच नसतं. स्पेसर लावल्यावर त्यावर लोखंडी पट्टी आडवी धरा. एकही स्टड पट्टीला लागता कामा नये.

स्पेसर घातल्यावर टायर जास्त का घासतो?

दार उघडताना बिजागरीजवळची कड जराशी सरकते, लांबची कड मोठी चक्कर मारते. पुढचं चाकही एका बिजागरीभोवतीच वळतं. चाक बाहेर सरकवलं की ते बिजागरीपासून लांब गेलं, म्हणून वळताना ते पुढेमागे जास्त फिरतं. आतल्या दांड्याला घासणं थांबतं आणि बंपरचा कोपरा, मडगार्डचं प्लास्टिक, मडफ्लॅप यांना घासणं सुरू होतं. उपाय तीनच: बंपरचा किंवा प्लास्टिकचा कोपरा कापणं, स्टिअरिंगच्या थांब्याचा बोल्ट थोडा बाहेर काढून फुल कट कमी करणं, किंवा टायर लहान घेणं. थांबा कमी केला की जिमनीची ५.७ मीटरची वळण-त्रिज्या वाढते, आणि गावातल्या बोळात ते लगेच जाणवतं.

याच कारणाने खड्ड्याचा धक्का स्टिअरिंगमध्ये जास्त येतो. हाताची पकड ढिली असेल तर स्टिअरिंग हातातून फिरतं.

बेअरिंग लवकर जातं, हे खरं का?

पाण्याचा हंडा कमरेवर घेतला तर कोसभर चालता येतं. तोच हात लांब करून धरला तर दहा पावलंही जड. जिमनीचं भरलेलं वजन १,५४५ किलो धरलं तर एका चाकावर सुमारे ३९० किलो येतात. ते ३० मिमी बाहेर सरकवले की बेअरिंगवर सुमारे ११५ न्यूटन-मीटरचा जास्तीचा पीळ पडतो, तोही सतत. वळणावर बेअरिंग यापेक्षा बराच मोठा पीळ सोसतं, त्यामुळे ते महिन्यात जाणार नाही. आयुष्य मात्र कमी होणार.

"मग स्पेसरऐवजी उणे ऑफसेटचा रिम घेतला तर बेअरिंग वाचेल ना?" नाही. चाक बाहेर कशामुळे गेलं हे बेअरिंगला कळत नाही, फक्त किती गेलं एवढंच त्याला लागतं. योग्य ऑफसेटच्या रिमचा फायदा वेगळा आहे. त्यात जोड एकच राहतो, आणि रिमची रुंदीही टायरला जुळणारी घेता येते.

लिफ्टनंतर गाडी डुलते किंवा थरथरते ती कशाने?

जिमनीचं एक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एका आडव्या दांड्याने चॅसिसला बांधलेलं असतं, त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. बॉडी वर गेली की हा दांडा तिरपा होतो आणि एक्सल एका बाजूला ओढतो, म्हणून एका बाजूचा टायर बाहेर आणि दुसऱ्या बाजूचा आत दिसतो. लोक तिथे फक्त एका बाजूला स्पेसर घालायला निघतात. ते करू नका. लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड हा त्यावरचा उपाय आहे. लिफ्टमुळे पुढच्या एक्सलचा कास्टर कोनही कमी होतो. स्टिअरिंगला सरळ रेषेत परत आणतो तो हाच कोन. तो कमी झाला आणि वर जड टायर आले की ताशी ६० ते ८० च्या आसपास खड्ड्यावरून गेल्यावर पुढची चाकं जोरात थडथडू शकतात. कास्टर दुरुस्त करणारे रबरी बुश लिफ्टबरोबरच घालून घ्या. थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे अडचण ड्राइव्ह शाफ्टची (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याची) येते: जास्त लिफ्टमुळे त्याचे सांधे तिरपे चालतात आणि रबरी बूट फाटतात.

स्पीडोमीटर, गिअर आणि ब्रेक

२३५/७५ चा परीघ मूळ टायरपेक्षा ५.८ टक्के मोठा आहे. चाकं ज्या फेऱ्यांवर ८० दाखवतात तेव्हा गाडी आता आधीपेक्षा तितकीच जास्त, जवळजवळ ८५ ने धावत असते. अंतर मात्र कमी नोंदवलं जातं, म्हणून काटा १०,००० झाल्यावर प्रत्यक्ष धाव १०,५८० च्या आसपास असते. ॲव्हरेज काढताना आणि ऑइल बदलताना हे धरा. सगळे गिअरही तितकेच 'लांब' होतात. १३४ न्यूटन-मीटरच्या पेट्रोल इंजिनला घाटात भरलेली गाडी ओढताना एक गिअर खाली टाकावा लागतो. ब्रेकलाही तेवढीच जास्त ताकद लागते, शिवाय टायर जड असतो.

फोर-व्हील ड्राइव्हमध्ये चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखेच झिजलेले हवेत. स्टेपनीही. ती मागच्या दारावर लटकते, म्हणून जड टायर बसेल का आणि बिजागऱ्या झेपवतील का, तेही पाहावं लागतं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. "सगळेच फिरतात" हे उत्तर नाक्यावर कदाचित चालेल. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर चालेलच असं नाही, कारण न कळवलेला बदल हे दावा अडवायला कारण ठरू शकतं. जर्मनीत स्पेसरला प्रमाणपत्र आणि तपासणी असते. आपल्याकडे हौशी मालकासाठी तशी रुळलेली वाट नाही, त्यामुळे जोखीम पूर्णपणे मालकाची.

मग घ्यायचं काय?

आधी टायर ठरवा, मग रिम, मग लिफ्ट. स्पेसरचा विचार सगळ्यात शेवटी. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा, जांभ्याचे रस्ते आणि रोजचं शहर एवढंच असेल तर मूळ रिमवर २१५/७५ ऑल-टेरेन पुरतो. त्याला स्पेसर लागत नाही, अनेकदा लिफ्टही नाही. काळ्या मातीत मात्र उंचीपेक्षा नक्षी कामाला येते, कारण ती माती बारीक खाचांत चिकटली की टायर गुळगुळीतच होतो. २३५ खरंच हवा असेल तर साडेसहा-सात इंची, उणे १० ते १५ ऑफसेटचा रिम घ्या आणि बंप स्टॉप, कास्टर बुश, पॅनहार्ड रॉड यांचे पैसे त्याच हिशेबात धरा. हा खर्च झेपत नसेल तर स्पेसर हा त्याचा स्वस्त पर्याय नव्हे. अशा वेळी लहान टायरवर थांबलेलं बरं.

काहीही बसवलं तरी गाडी रस्त्यावर नेण्याआधी एक चाचणी घरच्या घरी होते. कणकेचे लिंबाएवढे गोळे मडगार्डच्या आत, बंपरच्या कोपऱ्याला आणि सस्पेन्शनच्या दांड्यावर चिकटवा. पुढचं एक चाक आणि तिरप्या बाजूचं मागचं चाक भक्कम उंचवट्यावर चढवा, म्हणजे ती दोन चाकं पूर्ण दबतील. कोणीही गाडीखाली न जाता स्टिअरिंग सावकाश दोन्ही बाजूंना फुल कट करा, आणि मग दुसऱ्या कर्णावर तेच करा. खाली उतरल्यावर गोळ्यांची जाडी मोजा. १० मिमीपेक्षा पातळ झालेला गोळा म्हणजे वेगात, धक्क्यात तिथे टायर लागणार.

स्पेसर असेल तर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकं काढून आतले नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, फक्त बाहेरचे नव्हे. नंतर दर टायर-रोटेशनला (टायरच्या जागा आपसांत बदलताना) हेच. पंक्चर काढताना बाहेरचे पाच नट उघडले जातात आणि पुन्हा आवळले जातात. आतल्या पाचांकडे कोणाचंही लक्ष जात नाही, कारण तिथे आणखी पाच नट आहेत हेच पंक्चरवाल्याला माहीत नसतं. ते त्याला सांगा, आणि चाक उतरलेलं असतानाच आतल्या नटांवर पाना फिरवून घ्या.